दुपट्याचं अस्तर

"उचल अजून. एक बोट वर," संघदीप गाडीखालून म्हणाला.

सपनानं बंपरचं आपल्याकडचं टोक बोटभर वर घेतलं. शेलूबाजारच्या हायवेलगत संघदीपचं गॅरेज, नि त्यात उभी कारंज्याच्या धनराजभाऊंची लाल, दोन दाराची स्पोर्ट्स कार. जुनी, अंगभर पत्र्याची. तिला आता फायबरचं नवं अंग चढवायचं होतं: दोन्ही बंपर, चाकांवरच्या रुंद कमानी, दारांखालच्या पट्ट्या. "नुसते स्क्रू मारायचे, बस," असं म्हणून धनराजभाऊ खोकी उतरवून गेले होते, नि संघदीप दोन दिवसांपासून घासतच बसला होता.

"पत्रा सरळ हाये, अन् हे साच्यातून वाकडं निंगालं," तो बाहेर येत म्हणाला. "लावून पाह्य, काढ, घास, पुन्हा लाव. लगनातल्या रुसलेल्या मामावानी मनवा लागते याले."

सपना खरं तर नवऱ्याला डबा द्यायला आली होती. दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं, म्हणून तिनं कडेवरची धम्मदीपा शेजारच्या चहाटपरीवर चंदाबाईच्या मांडीवर ठेवली. पण कान सगळे तिकडंच. आठ महिन्यांची पोर आठ दिवसांपासून रडत होती. ताप नाही, दात नाही, पोट मऊ. पाठीवर नि मांड्यांवर नुसते बारीक लाल ठिपके. पावडर झाली, मलम झालं, खोबरेल झालं. थंडी पडली म्हणून सपना तिला दुपट्यात जास्तच घट्ट गुंडाळायची, नि पोर जास्तच किंचाळायची. काल सासूबाई तोंड फिरवून म्हणाल्या होत्या, "तुह्या दुधातच काई झालं असन." कालपासून सपनानं तिखट सोडलं होतं, वांगं सोडलं होतं, आंबट सोडलं होतं. आता सोडायला फार काही उरलं नव्हतं.

ग्राइंडर सुरू झाला. बंपरच्या कडेवरून पांढरी भुकटी उडाली, उन्हात चमचमली, नि सपनाच्या हातांवर, गळ्यावर बसली. संघदीपच्या तोंडाला रुमाल होता, बाह्या मनगटापर्यंत. तिचे हात उघडे.

जरा वेळानं हात टोचायला लागले. दिसत काहीच नव्हतं. खाजवलं तर आणखी आग.

"खाजवू नको," संघदीपनं ग्राइंडर बंद केला. "काचेचे तंतू असतात त्याच्यात. अजून आत जातात. गार पाण्यानं धू, अन् धुतल्याबिगर पोरीले हात लावू नको. मी काहून इथंच आंगोळ करून घरी येतो मंग?"

खरंच होतं. रोज संध्याकाळी तो गॅरेजच्या नळावर अंग चोळून धुवायचा, कपडे बदलायचा, तेव्हाच पोरीला घ्यायचा. "आले नवरदेव," असं ती त्याला चिडवायची.

"अन् कपडे?" तिनं विचारलं. "धुतले का जातेच न?"

"धा खेपा धू. सुतात जाऊन बसते ते. म्हणून तं कामाचे शर्ट मी जाळाले काढतो."

सपनानं आपले हात उन्हात धरले. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल ठिपके उठले होते. ते तिच्या ओळखीचे होते. आठ दिवस ती त्यांच्यावरच मलम लावत होती.

टपरीवरचं रडणं थांबलं होतं. ती तशीच धावली. मागून संघदीपही आला.

"घाबरू नको व," चंदाबाई म्हणाली. "ऊन होतं, तं मी दुपटं काढून ठेवलं. पाह्य कशी खेळून राह्यली. लेकराले भजं करता का तुमी, गुंडाळू गुंडाळू?"

लंगोटावरची धम्मदीपा चंदाबाईच्या बांगड्या चाखत होती. दुपटं बाकड्यावर पडलं होतं.

"पावसाळ्यातला तो निळ्या चौकडीचा शर्ट," सपना हळूच म्हणाली. "तुमी मागं फेकलेला."

"जाळाले. मंग?"

"बाह्या फाटल्या होत्या फक्त. पाठ कशी मऊ झाली होती." तिनं बाकड्यावरच्या दुपट्याकडं पाहिलं. "लेकराले नवं कापड नाई लावत आपल्यात. घरच्या माणसाचं वापरलेलंच लावतात. मी उचलून नेला. पाच पाण्यानं धुतला. पोरगी झोपली का दोन टाके, झोपली का दोन टाके... मागच्या सोमवारी झालं."

तिनं चिमटीत धरून दुपटं उलटवलं. वर तिच्या जुन्या साडीचा गुलाबी काठ, नि आत, अंगाला लागायच्या बाजूला, निळी चौकडी. खिसासुद्धा तिनं तसाच ठेवला होता.

संघदीपनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"आईले मी सांगतो," तो म्हणाला. "शर्ट माहा होता."

आई-बाप दोघंही समोर दिसले तशी पोर खुलली. बांगड्या सोडून तिनं हात पुढं केले. सपनाचे हात आपसूक उठले नि अर्ध्यातच थांबले. संघदीपचेही. कोपरापर्यंत दोघं पांढरे झाले होते.

"अवं, घ्या न कोणी एक जण," चंदाबाई म्हणाली. "माहा चहा उतू जाऊन राह्यला."

पोर एकदा आईकडं झेपावत होती, एकदा बापाकडं.