धरलेली जागा

जाऊबाई आयफेल टॉवर नुसता खालून बघून आली होती, म्हणून अहमदपूरच्या कोंडाबाईला वर जायचंच होतं. पण रांग ही लांब, आणि पाचला टूरची बस सुटणार. एसटीत रुमाल टाकतात तशी तिनं रांगेत आपली थैली ठेवली आणि सुनेला घेऊन निवांत झाडाखाली जाऊन बसली.

घटकाभरात शिट्ट्या वाजल्या. रांगेतली माणसं पळत सुटली आणि बंदूकवाल्या पोलिसांनी लांबूनच थैलीला गराडा घातला.

"आत्याबाई, त्यांना थैलीत बॉम्ब वाटायलाय," सून तिचा हात ओढत म्हणाली. "उठा, निघू."

कोंडाबाई जागची हलली नाही.

"गप बस गं. आपल्याकडं जागा धरली तरी कुणीबी येऊन बसतंय. हितं बघ, पोलीस राखायलेत."