पंपवाल्याचं नाव

"गोळी नाही, बॉम्ब नाही. बाई, याला युद्ध कसं म्हणायचं?" कॅप्टनसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

सकाळपासून गाडी याच प्रश्नाशी येऊन थांबत होती. बाईंचेही खांदे भरून आले होते. शाळेतून निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी सारं गाव त्यांना बाईच म्हणायचं, आणि नको असलेली कामंही विश्वासाने त्यांच्याच गळ्यात घालायचं.

युद्धात गेलेल्यांची नावं चौकातल्या भिंतीवर कोरायची होती, आणि ती ठरवायचं काम गावाने या दोघांवर सोपवलं होतं. बाकी सगळी ठरली. घोडं अडलं ते पंपवाल्याच्या नावावर.

युद्ध चालू असताना एके दुपारी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला होता : पाण्यात विष कालवलंय, पंप बंद पाडा. अख्खी गल्ली पंपघरावर चालून गेली. पंपवाल्याने आतून कडी लावली आणि पंप चालूच ठेवला. हॉस्पिटलच्या टाक्या भरायच्या होत्या. दार मोडलं. रेटारेटीत तो हौदात पडला आणि गेला. धक्का कुणाचा लागला, ते पुढे कुणालाच सांगता आलं नाही. पाण्यात विष नव्हतंच.

"निरोप शत्रूने पाठवला होता, हे आता सिद्ध झालंय," बाई म्हणाल्या. "पूर्वी गावाचं पाणी तोडायला विमान धाडावं लागायचं. या खेपेला एक ओळ पुरली. काम तर तेच झालं ना?"

कॅप्टनसाहेब थकून हसले. "शाळेतही तुमच्यापुढे कुणाचं चालत नसणार."

"तुम्ही माझ्या वर्गात असतात, तर केव्हाच कळलं असतं."

"ठीक आहे. युद्धात बळी."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. गल्ली सकाळपासून ताटकळत उभी होती. बेकरीवाला, न्हावी, फोन दुरुस्त करणारा. बहुतेक बाईंच्याच हाताखालून गेलेले. पंपवाल्याचं नाव लागलंच पाहिजे, म्हणून सगळे एकमुखाने सांगून गेले होते. पोरं चांगली निघाली, असं वाटून बाईंना जरा हलकं वाटलं.

त्यांनी पंपवाल्याच्या बायकोला आत बोलावलं. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. खुर्चीच्या कडेवर टेकून तिने सगळं ऐकून घेतलं.

"नको, बाई."

"अगं, मानाची जागा आहे ती."

"वर्गात मारामारी झाली की आम्ही म्हणायचो, त्याने सांगितलं म्हणून मारलं. तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

बाईंना आठवावं लागलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, "सांगणाऱ्याचं नंतर बघू. आधी सांग, हात कुणाचा होता?"

तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर बेकरीवाल्याने मान खाली घातली.

"युद्ध म्हटलं की ह्यांना शत्रूने मारलं असं होईल. मी रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसते, बाई. अजून कुणी कबूल करायला आलेलं नाही. भिंतीवर नाव लागलं, की मग कुणी यायचंच नाही."