जाणत्याची सही

जालन्याजवळच्या बियाणे कारखान्यात सोनूबाई वीस वर्षांपासून सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून त्याची ओल सांगायची. यंदा नवा नियम आला. आधी वर्गात बसायचं, मग आठ दिवस एखाद्या जाणत्या माणसाजवळ बसून शिकायचं आणि त्याची सही आणायची. सही असेल तरच हंगामाचं काम.

आधी कारखान्यातल्याच तरण्या शीतलची पाळी होती. सोनूबाईजवळ बसून ती शिकली आणि तिच्या कागदावर सोनूबाईनं सही करून दिली. मग सोनूबाईची पाळी आली. वर्ग कसाबसा निभावला, पण पुढं जाणतं माणूस आणायचं कुठून?

"शीतलजवळ बसा," साहेब म्हणाले.

"अहो साहेब, तिला मीच शिकवलं न्हाई का?"

"मावशी, स्वतःच्या कागदावर स्वतःची सही चालत नाही."

काम हातचं जाऊ नये म्हणून सोनूबाई मुकाट्यानं शीतलशेजारी जाऊन बसली. शीतलला हसू आवरेना.

"मावशे, बराबर चाव बरं का. न्हाई तर नापास करीन."

"कर बाई, कर. तुझंच राज्य हाये आता."

आठव्या दिवशी शीतलनं सही केली आणि दोघींनी आपापले कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले.

 

सोमवारी फाटकावर दोघींनाही अडवलं: शीतलच्या कागदावर जिची सही होती, त्या सोनूबाईचं प्रशिक्षण तेव्हा झालेलं नव्हतं, म्हणून शीतल अजून शिकलेली नव्हती, आणि न शिकलेल्या शीतलची सही सोनूबाईच्या कागदावर चालत नव्हती.