जिन्यावरची थाप

लढाईवर गेलेल्यांपैकी परतलो ते आम्ही चौघेच; आम्हाला कॉलेजने पुन्हा शेवटच्या वर्षाला घेतलं.

आम्ही बरे वागत होतो. फक्त प्रयोगशाळेच्या अरुंद जिन्यावर आपोआप एकामागे एक व्हायचो आणि सर्वांत मागचा, म्हणजे मी, पुढच्याच्या खांद्यावर थाप मारायचो. खांद्याखांद्यावरून ती सर्वांत पुढच्या लंबूपर्यंत जायची. मागचे सगळे आले, कोणी राहिलं नाही, एवढाच तिचा अर्थ. तिकडे अंधारात बोलता यायचं नाही, म्हणून ती रीत.

"अरे, बाकीची पोरं घाबरतात," प्राचार्य म्हणाले. "आता माणसांत आला आहात. पुन्हा दिसलं तर नाव काढून टाकीन."

"सोडलं, सर," लंबू म्हणाला.

आज आम्ही हात खिशात घालून चढत होतो. वर, शेवटच्या पायरीपाशी, प्राचार्य उभे.

"लग्नाला निघाल्यासारखे काय चालताय? उचला पाय," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

तेव्हा माझ्या खांद्यावर थाप पडली.

मी वळलो नाही. हात खिशातून निघाला आणि पुढच्याच्या खांद्यावर पडला. त्यानेही काही विचारलं नाही. थाप वर गेली.

प्राचार्यांनी तिघांना जाऊ दिलं. मला अडवलं.

"सर, चूक झाली. माझं नाव..."

"तू जा वर्गात," ते म्हणाले. ते माझ्या खांद्यावरून खाली बघत होते. "सुरुवात कोणी केली, ते मी बघितलंय."