हात लावू नका

"हॉस्पिटलची वेबसाइट उघडत नाहीये रे. 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतंय," बाबा तीन आठवडे फोनवर सांगत होते. "आणि कॉम्प्युटरचं घड्याळही सारखं मागे जातंय."

"घड्याळाचा काय संबंध, बाबा? तुम्हीच काहीतरी भलतंसलतं दाबलं असणार. मी येईपर्यंत कशाला हात लावू नका." ऑफिसात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मी दर वेळी एवढंच ऐकवून फोन ठेवत होतो.

शेवटी रविवारी गेलो. वेबसाइटवर नंबर लावता येईना, म्हणून बाबा आईला घेऊन दोनदा हॉस्पिटलात ताटकळून, डॉक्टरांना न भेटताच परत आले होते.

मी कॉम्प्युटर सुरू केला. कोपऱ्यात बारा वर्षांपूर्वीची तारीख होती. तारीखच चुकीची, त्यामुळे कुठल्याच वेबसाइटचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र त्याला खरं वाटत नव्हतं. कॉम्प्युटरचं घड्याळ चालवणारा आतला बारकासा सेल संपला होता, बाकी काही नाही.

"सेल गेलाय," मी खाली मान घालून म्हटलं. "उद्या आणतो."

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या बाबांनी खण उघडला आणि एक कागदाची पुडी माझ्यासमोर ठेवली. आत कोरा सेल होता. पुडीवर, दुकानातल्या सवयीप्रमाणे, काम आल्याची तारीख लिहिलेली होती. त्यांच्या पहिल्या फोनच्या दिवशीची.

छोटा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ते माझ्याकडे बघत थांबले.

"आता लावू का हात?"