करडा रंग

“ताई, हे करडं कसं काय केलंत तुम्ही?” सिस्टरनी खुर्ची सरकवत विचारलं.

ताईंनी मान वर केली नाही. “करडंच आहे ते. पुढचं घ्या.”

“अहो, पण नीट वाचा तरी.”

“वाचलंय.”

काम तसं सोपं होतं. हेल्पलाइनवर लोक रात्रीबेरात्री टाइप करून मन मोकळं करायचे. ती संभाषणं दुसऱ्या दिवशी या दोघींच्या ब्राउझरमध्ये उघडायची. नावावर आणि नंबरावर काळी पट्टी. वाक्यावरून कर्सर ओढायचा, रंग द्यायचा, बाजूच्या समासात टीप लिहायची. दुःखाला पिवळा. धोक्याला लाल. करडा म्हणजे काही विशेष नाही, सोडून द्या. एखाद्या संभाषणात लाल दिसलं, की काचेच्या केबिनमधले साहेब त्या माणसाला स्वतः फोन करायचे.

सिस्टर पूर्वी इस्पितळात वॉर्ड सांभाळायच्या. नोकरी सुटली, नाव चिकटलं. त्यांचा हात लाल रंगावर जरा सैल होता. मागे एका माणसाने ‘आता सगळं संपवतो’ असं लिहिलं होतं आणि यांनी घाईघाईने लाल केलं. साहेबांनी फोन लावला तर तो घरातलं गोडधोड संपवण्याबद्दल बोलत होता. ऑफिसात कितीतरी दिवस हसू पुरलं. ताईंनी ते संभाषण आधीच करडं केलं होतं. ताईंचा अंदाज सहसा चुकत नसे. कुणाचंही दुःख वाचून त्या विरघळत नसत, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे ‘फ्रीज’ म्हणत.

ताईंना ते ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. हल्ली कशाचंच काही वाटत नसे. सकाळी यायचं, संगणक सुरू करायचा, रंग द्यायचे, घरी जायचं. बोटं आपली चालत राहायची.

“हे बघा,” सिस्टरनी स्वतःचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘मला वाईट वाटत नाही, तेच तर सांगायचंय. भाजी चिरते, कपडे वाळत घालते, कामाला जाते. पण हे सगळं दुसरीच कुणीतरी करतेय आणि मी लांबून बघतेय असं वाटतं. बहीण गेली तेव्हाही रडू आलं नाही.’ ऐकताय ना?”

“ऐकतेय. वाईट वाटत नाही म्हणतेय ना ती? मग झालं तर.”

“अहो, तेच तर वाईट!”

“सिस्टर, तुम्हाला सुखी माणूस दिला तरी तुम्ही त्याचा ताप मोजाल.”

सिस्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “आणि पुढे? ‘घर आवरून ठेवलंय. कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या.’ कुंड्या का दिल्या असतील?”

“पाणी घालायचा कंटाळा आला असेल.”

“ताई, वॉर्डात मी अशी माणसं बघितलीत. आरडाओरडा करणाऱ्यांची मला कधी भीती वाटली नाही. पण एखादी बाई शांतपणे उशाशी कपड्यांच्या घड्या घालून ठेवायला लागली, की मी रात्रभर तिच्या कॉटपाशी बसून राहायचे.”

ताईंनी माऊसचं चाक फिरवलं. संभाषण सरसर खाली गेलं.

“शेवटी तिने आभार मानलेत,” त्या म्हणाल्या. “तुमचा उगाच वेळ घेतला, असंही म्हणालीय. ज्याला काही करून घ्यायचं असतं, तो वेळ घेतल्याबद्दल माफी मागत बसत नाही.”

“मला तर उलटं वाटतं.”

“मग तुमचं तुम्हाला लखलाभ. साहेबांना परत हसायला काहीतरी मिळेल.”

हा टोला सिस्टरना बरोबर लागला. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. स्क्रीनवर कुंड्यांचं वाक्य ताईंनी दिलेल्या करड्या रंगात झोपल्यासारखं पडलं होतं. समासात ताईंची टीप होती : ‘गरज नाही.’

“हसू देत,” सिस्टर शेवटी म्हणाल्या. “चुकले तर चुकले. त्या बाईला फार तर एक नको असलेला फोन जाईल. पण बरोबर असले तर?”

त्यांनी वाक्यावरून कर्सर ओढला. करडं होतं ते लाल झालं. टिपेखाली त्यांनी लिहिलं : ‘आत्ताच्या आत्ता फोन करावा.’

“राहू द्या हो,” ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा हळू.

पण सिस्टर उठून केबिनकडे निघाल्यादेखील. काचेतून दिसत होतं : त्या हातवारे करत होत्या, साहेब कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग त्यांनी आपल्या स्क्रीनवर ते संभाषण उघडलं आणि सगळं वाचून काढलं. या खेपेला हसले नाहीत. काळ्या पट्टीखालचा नंबर साहेबांनाही दिसत नसे. पट्टीवरचं फोनचं चिन्ह दाबलं, की तो आपोआप लागायचा. त्यांनी चिन्ह दाबलं, हेडफोन कानाला लावला आणि सिस्टरना हातानेच थांबायला सांगितलं.

ताईंनी पुढचं संभाषण उघडलं. कुणीतरी परीक्षेच्या भीतीबद्दल लिहिलं होतं. त्यांनी पहिल्या वाक्याला पिवळा रंग दिला. दुसऱ्यालाही दिला.

तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजू लागला.