रेग आत आहे

"पेटवू नका! रेग आत आहे!"

मशाल फिलिपाच्या हातात होती. तिने ती इतक्या घाईने मागे घेतली की कोटाची बाही काळी झाली.

म्हाताऱ्या मॅव्हिसबाई गर्दीतून वाट काढत होळीच्या ढिगाभोवतीच्या दोरीपाशी आल्या. अंगात जाड कोट, पायांत मात्र घरातल्या सपाता. "हेजहॉग शोधायला शिरलाय माझा नवरा. दरवर्षी शिरतो. आणि हाक मारली तर ऐकू येतंय कुठे त्याला!"

या इंग्लिश गावात येऊन फिलिपाला वर्षही झालं नव्हतं, पण पाच नोव्हेंबरच्या होळीच्या सुरक्षेचं काम तिने हौसेने मागून घेतलं होतं. लाकडांखाली झोपायला येणारे छोटे काटेरी हेजहॉग कुठे दडले नाहीत ना, हे दुपारी तिनेच वाकून वाकून पाहिलं होतं. मग ती चहाला गेली होती. तेवढ्यात एखादा माणूस सहज आत शिरला असता.

"क्लाइव, मी मध्ये चहाला गेले होते," ती होळी मंडळाच्या प्रमुखाला म्हणाली.

"असू दे. आधी मशाल विझव." क्लाइवने भोंगा तोंडाला लावला. "मंडळी, रेगला शोधायचंय! ढीग उतरवा!"

कुणी कुरकुरलं नाही. लोकांनी खिशांतून हातमोजे काढले आणि रांग धरली. फळ्या, मोडक्या खुर्च्या, कुणाचं तरी कपाट हातोहात मागे जाऊ लागलं. टोकावरचा, दरवर्षी जाळतात तो गाय फॉक्स नावाच्या जुन्या कटवाल्याचा पुतळा एकाने काखोटीला मारून खाली आणला. सूपवाल्या बायकांनी गॅस बारीक केला. फटाके उडवणारा तर चक्क खुर्ची टाकून बसला. इथे माणसाचा जीव जातोय आणि हा आरामात बसलाय! फिलिपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रेग! अहो रेग!" ती प्रत्येक फटीत ओरडत होती. एका फटीत तिला निळं कापड दिसलं. तिने ते ओढलं. उशीचा अभ्रा निघाला.

"अग्निशमन दलाला फोन करू?" तिने विचारलं.

"आधी तळ तर दिसू दे," क्लाइव म्हणाला.

तळ दिसला. ओलं गवत, बाकी काही नाही. मॅव्हिसबाईंनी स्वतः सगळीकडे टॉर्च फिरवली.

"मागच्या वाटेने घरी गेला वाटतं. सांगून जायला काय होतं या माणसाला!"

"चांगली खरडपट्टी काढा त्याची," क्लाइव म्हणाला.

"काढणारच आहे. आधी चहा टाकते. गारठला असेल." शेजारीण त्यांचा हात धरून त्यांना घेऊन गेली.

लोक पुन्हा ढीग रचायला लागले. फिलिपा गवतात बसली. तिला रडू आवरेना. मग मनात भलतंसलतं यायला लागलं. म्हातारा वाटेत कुठे पडला असेल तर? ती उठली.

"क्लाइव, मी पळत जाऊन बघून येते. ते खरंच घरी पोचलेत का, हे कुणीतरी बघायला नको?"

क्लाइवने हातातली फळी खाली ठेवली. "अगं, तुला कुणी सांगितलंच नाही का? रेग चर्चच्या मागे आहे. मी स्वतः खांदा दिलाय त्याला."